सीआयए आणि एलएसडीचा फॉरवर्ड आला तर तो तपासायचा कसा

आमच्या नानांचा दर आठ-पंधरा दिवसांनी एक फॉरवर्ड ठरलेला, अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने एलएसडी नावाचं भास घडवणारं नशेचं औषध देऊन माणसं ताब्यात घेतली, आता आपल्याकडे पण फवारून राहिलेत वगैरे. गंमत अशी की यातलं निम्मं खरं असतं, म्हणून तर माणूस फसतो. जळगावात टपरीवर एक कटिंग संपेपर्यंत मोबाईलवरच बरंच तपासता येतं भो.

आधी नाव आणि साल शोधा. "एका गुप्त प्रयोगात" एवढंच असेल तर सोडून द्या. एमकेअल्ट्रा, म्हणजे माणसाचं मन ताब्यात घेता येतं का हे बघायचा सीआयएचा गुप्त कार्यक्रम, असं लिहिलेलं असेल तर प्रकरण खरं आहे, एप्रिल १९५३ मधे सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस यांनी मंजूर केलं आणि सिडनी गॉटलिब नावाच्या केमिस्टने चालवलं. पण एलएसडी सीआयएने शोधलं असं दिसलं की तिथेच खूण करा, ते स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमनने १९३८ ला बनवलं होतं, आणि त्याने डोकं फिरतं हे त्याला १९४३ ला स्वतःच्याच अंगावर कळलं.

मग विचारायचं, कागद कुठाय? १९७३ ला सीआयए प्रमुख रिचर्ड हेल्म्सच्या हुकुमाने फायली नष्ट केल्या. पण घरची वही फाडली तरी आडत्याकडची हिशोबपट्टी राहतेच ना, तसंच झालं, खर्चाच्या फायली दुसरीकडे पडून होत्या आणि १९७७ ला त्यातून सुमारे २०,००० कागदपत्रं बाहेर आली, तीही त्यांच्याकडच्या माहिती अधिकारामुळे. म्हणून कागदात पैसा कुठे गेला, कशासाठी गेला हे दिसतं, माणसाचं पुढे काय झालं ते फार कमी दिसतं. फॉरवर्डमधे प्रयोगाचं अगदी मिनिटामिनिटाचं वर्णन असेल तर संशय घ्याच. सीआयएच्या साइटवर हे स्कॅन फुकट मिळतात, पण मी पहिलं पान उघडलं तर अक्षरं पुसट, नावांवर काळे पट्टे, अर्ध्या तासात कंटाळलो. त्यापेक्षा ऑगस्ट १९७७ ची अमेरिकन सिनेटची सुनावणी आधी वाचा, एमकेअल्ट्राचे १४९ सबप्रोजेक्ट, म्हणजे नंबर दिलेले छोटे प्रकल्प, होते वगैरे सगळं तिथे सरळ सापडतं.

लोक सीआयए आणि लष्कर एकातच कालवतात, ते वेगळं करा. मेरीलँडमधल्या एजवुडला लष्कराने १९५५ ते १९७५ सुमारे ७,००० सैनिकांवर रसायनं तपासली, त्यातलं बीझेड नावाचं रसायन खरोखर हत्यार म्हणून भरून ठेवलं होतं. ते काय करतं हे आपल्याला परक्यापेक्षा लवकर कळेल, कारण बांधावरच्या धोतऱ्याच्याच जातीचा त्याचा परिणाम, तोंड कोरडं, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या, आणि माणूस हवेतले नसलेले धागे ओढत बसतो. पण असर चढायला तास जातात आणि चढल्यावर कोण काय करेल याचा नेम नाही, लढाईत असलं काय कामाचं! शेवटी साठा नष्ट केला.

फ्रँक ओल्सनचं नाव आलं तर जरा थांबा. लष्कराचा शास्त्रज्ञ, नोव्हेंबर १९५३ मधे त्याला न सांगता दारूतून एलएसडी पाजलं, नऊ दिवसांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून गेला. पाजलं हे सरकारने कबूल केलंय, घरच्यांना ७,५०,००० डॉलर दिले. ढकललं की उडी मारली यावर मात्र अजून वाद आहे, त्यामुळे दोन्हीकडचं ठाम वाक्य कागदाच्या पुढचं समजा. आणि २००२ ला मॉस्कोच्या थिएटरमधले ओलीस सोडवताना रशियाच्या फौजेने सोडलेला गॅस आला तर तो खरा, फेंटानिलच्या कुळातला, १०० च्या वर ओलीस त्यातच गेले.

नानांना मी आता फक्त लिहितो, "नाना, सबप्रोजेक्ट कितवा?" मागच्या खेपेला त्यांनी ४२ लिहून पाठवलं. काढून बघितलं तर बरोबर, सॅन फ्रान्सिस्कोचं ते घर जिथे बेसावध माणसांना एलएसडी द्यायचे. चहाचे पैसे मीच दिले मग.