वर्क फ्रॉम होमचा एकटेपणा आणि को-वर्किंगमधली जेवणाची सुट्टी

पहिलीच नोकरी घरून करायची असेल, तर लॅपटॉप-खुर्चीसोबत आणखी एक सोय आधीच करून ठेवा: दिवसातून एकदा तरी कुणाशी समोरासमोर बोलणं होईल याची. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कंपनी बेंगळुरूची आणि मी पुण्यात, कोथरूडला भाड्याच्या खोलीत. सकाळचा स्टँडअप कॉल, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, संपली की खोलीत शुकशुकाट. संध्याकाळी आईचा फोन आला की लक्षात यायचं, आज कामाव्यतिरिक्त तोंडातून शब्द निघालेला नाही. नोकरी सोडून सांगलीला परत जावं असं वाटायला लागलं, तेव्हा मी घराजवळच्या एका को-वर्किंगमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कामांचे लोक भाड्याने टेबल घेऊन बसतात अशा सामायिक ऑफिसात, जागा घेतली.

मुख्य गोष्ट आधी सांगते. आज हा कॅफे, उद्या ते सेंटर असं फिरून ओळखी होत नाहीत. तेच वार, तीच वेळ आणि शक्यतो तेच टेबल हवं. 2005 मध्ये ब्रॅड न्यूबर्ग यांनी सॅन फ्रान्सिस्कोत पहिली को-वर्किंग जागा सुरू केली, तीही आठवड्यातून दोनच दिवस उघडी असायची. मोजकी टेबलं, एकत्र जेवण आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी बंद. स्वतंत्रपणे काम करायचं, पण ऑफिसातली सोबत गमवायची नाही, एवढाच त्यांचा हेतू होता. आजच्या चकचकीत सेंटरमध्ये कॉफी मशीन आणि सोफे भरपूर असतात, पण एकट्या माणसाला खरा उपयोग होतो तो त्या एकत्र जेवणाचा.

याला अभ्यासाचाही आधार आहे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी मैत्री व्हायला किती वेळ लागतो हे तपासलं. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला त्यांना साधारण 50 तास लागताना दिसले आणि कामात घालवलेला वेळ त्यात फारसा जमेस धरता येत नाही असंही आढळलं. आता हिशोब करा. आठवड्यातून दोन दिवस, जेवण आणि चहा मिळून दिवसाला एक तास, म्हणजे 50 तासांना सहा महिने लागतात. म्हणून महिनाभरात ‘इथे कुणी बोलतच नाही’ म्हणून सोडू नका.

जागा निवडताना आधी एका दिवसाचा पास काढा आणि दुपारी एक ते दोन तिथे असाल असं बघा. लोक पॅन्ट्रीत एकत्र डबे उघडतात, की हेडफोन लावून आपापल्या टेबलावर जेवतात? माझ्या मते यावरूनच निर्णय घ्यावा. मोठ्या सेंटरमध्ये कंपन्या अख्खे मजले घेतात, त्यांचे त्यांचे घोळके असतात आणि एकटा माणूस तिथेही एकटाच राहतो. लहान सेंटरमध्ये एखादा सीए, एखादी डिझायनर, दोघं-तिघं फ्रीलान्सर असे सुटे लोक भेटतात. घरापासून वीस मिनिटांच्या आतली जागा घ्या. कोथरूडहून बाणेर-बालेवाडी नकाशात जवळ दिसतं, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये जाण्याचा उत्साहच संपतो. पुण्यात असाल तर गुरुवार नक्की धरा. महावितरणची दुरुस्ती निघाली की घरची वीज जाते आणि एरवी घरून काम करणारेही त्या दिवशी येऊन बसतात.

पैशांचं थोडक्यात: सांगितलेल्या दरावर 18 टक्के जीएसटी धरा, अनामत आणि लॉक-इन (किमान किती महिने जागा सोडता येत नाही) किती ते लेखी घ्या आणि कॉलसाठी फोन बूथ पुरेसे आहेत का ते पाहा. नवी पेठेतल्या अभ्यासिका स्वस्त पडतात, पण तिथे शांतता हाच नियम आहे. कॉल घेता येत नाहीत आणि बोलणंही होत नाही.

पहिल्या दिवशी कुणाशी काय बोलावं याचा धसका घेऊ नका. डबा न्या, टेबलाच्या मधे बसा, ‘भाजी कसली आणलीये?’ एवढं पुरतं. माझी पहिली ओळख पॅन्ट्री सांभाळणाऱ्या मावशींशी झाली आणि बाकीच्यांशी त्यांनीच करून दिली.

एका बाबतीत मात्र को-वर्किंगचा उपयोग होत नाही आणि नव्या माणसाला तीच जास्त जड जाते. ऑफिसात शेजारच्या सीनियरला वळून विचारता येतं, त्यांचं बोलणं कानावर पडून कितीतरी शिकता येतं. ते शेजारी बसलेला सीए देऊ शकत नाही. त्यासाठी टीम लीडला स्पष्ट सांगा की रोज पंधरा मिनिटं शंकांसाठी हवीत. चॅटवर लिहीत बसण्यापेक्षा थेट कॉल मागा. मी मागितला तेव्हा लगेच मिळाला. त्याच बोलण्यात जागेच्या भाड्याचंही विचारून घ्या. काही कंपन्या इंटरनेट भत्त्यासारखा त्याचाही काही भाग देतात, फक्त बिल कंपनीच्या नावाने आणि त्यांच्या जीएसटी क्रमांकासह घ्यावं लागतं.