अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) पहिला स्कूबा डाइव्ह करताय? मग आधी हे वाचा

अंदमानचं बुकिंग करताना बरेच जण स्कूबा शेवटच्या दिवसावर ढकलतात, आधी सेल्युलर जेल मग राधानगर बीच मग वेळ उरलाच तर डाइव्ह, आणि तिथेच गंडतं कारण डाइव्ह करून लगेच विमानात बसायचं नसतं. खाली प्रेशरमुळे श्वासातला नायट्रोजन अंगात विरघळतो, तो निघून जायला वेळ लागतो, आणि विमानात हवेचा दाब कमी असल्याने त्याचे अंगातच बुडबुडे होऊ शकतात. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास मध्ये ठेवा, जास्त असतील तर १८. मी तर म्हणेन अख्खा एक दिवसच सोडा, नाहीतरी फेरीबोटीने पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) परत यायचंच असतं. सीझन साधारण नोव्हेंबर ते मे, पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ.

पोहता येत नाही म्हणून घाबरू नका. पहिल्या वेळच्यांसाठी जो डाइव्ह असतो, ज्याला तिथे सगळे डीएसडी (डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग) म्हणतात, त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला पूर्ण वेळ धरून असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, बहुतेक वेळा त्याहून बरंच कमी. पण मेडिकल फॉर्म येतो तो नुसता टिक मारत सुटू नका हां, दमा, हार्ट, फिट्स, कानाचं ऑपरेशन काहीही असेल तर आधी डॉक्टरला विचारून जा. प्रेग्नंट असाल तर डाइव्ह नाहीच. सर्दी झालीय? पुढे ढकला. गोळी घेऊन नाक मोकळं करून उतरायची आयडिया अजिबात नको, औषधाचा असर खालीच संपला तर वर येताना कान-सायनसमध्ये हवा अडकते आणि मग खरी वाट लागते.

आता कान. पहिल्या डाइव्हमध्ये लोक घाबरून वर येतात ते माशांना नाही, कानाला. पाण्यात १० मीटर खाली गेलं की दाब डबल होतो, म्हणजे सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो आणि नवखा माणूस असतोही तिथेच. उपाय सोपा, नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद आणि हळूच हवा नाकाकडे ढकलायची, कान पॉप होतो. पण हे दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधीच, दर अर्ध्या-एक मीटरला करत राहायचं. तरी दुखलं तर कानाकडे बोट दाखवा, थोडं वर या, परत ट्राय करा. जोर लावून फुंकू नका, पडदा फाटतो. इन्स्ट्रक्टर घाई करत असेल तरी तुम्ही करू नका, कान तुमचे आहेत.

दुसरा नियम, श्वास कधीच रोखायचा नाही. १० मीटरवर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते, तोंड बंद ठेवून वर आलात तर फुफ्फुसं फाटू शकतात. लांब आणि सावकाश श्वास सोडत राहा, धडधड पण त्यानेच कमी होते. मास्कमध्ये थोडं पाणी येणारच, मिशीवाल्यांना जरा जास्तच, तेव्हा मास्कची वरची कड दाबून नाकाने हवा सोडली की पाणी खालून निघून जातं. हे किनाऱ्याजवळ शिकवतात तेव्हाच दोनतीनदा करून घ्या. आणि खुणा नीट लक्षात ठेवा, अंगठा वर म्हणजे "मस्त" नाही तर "वर चला", मजेत अंगठा दाखवला की इन्स्ट्रक्टर बिचारा खरंच वर घेऊन जातो. ठीक आहे सांगायचं तर अंगठा आणि तर्जनीचा गोल.

नवख्यांना बऱ्याचदा निमो रीफवर नेतात, किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं. एक सांगतो, रंगांची अपेक्षा रीलसारखी ठेवू नका, पाणी आधी लाल रंग खातं त्यामुळे सगळं निळसर-करडं दिसतं, आणि २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानचं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं ते वेगळंच. पण इकडून तिकडे पळण्यापेक्षा एका दगडापाशी दोन मिनिटं थांबलात तर खरी मजा दिसते. क्लाउनफिशच्या घरात सगळ्यात मोठी असते ती मादी, ती मेली की तिचा नवराच मादी बनतो! पॅरटफिश प्रवाळ कुरतडतो त्याचा कुरकुर आवाज चक्क ऐकू येतो, आणि त्याच्या शीमधून वाळू पडते. इवलासा क्लीनर रॅस मोठ्या माशाच्या तोंडात शिरून साफसफाई करतो आणि तो मोठा मासा गपचूप उभा असतो.

हात मात्र स्वतःजवळ. लायनफिशचे काटे विषारी, स्टोनफिश तर दगडच वाटतो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवायचा आणि डॉक्टर गाठायचा. पट्ट्यापट्ट्यांचा समुद्री साप दिसला तर जागेवर शांत राहा, विष जबरदस्त असतं पण उगाच चावत नाही. त्यापेक्षा टायटन ट्रिगरफिश बेकार, घरट्यापाशी गेलात तर अंगावर येतो, त्याची हद्द वरच्या दिशेने पसरत जाते म्हणून वर नाही, आडवं पोहत लांब जायचं. प्रवाळाला पाय लावू नका आणि आठवण म्हणून तुकडा तर उचलूच नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, एअरपोर्टवर बॅगेत सापडला तर सुट्टीची मजा तिथेच संपली.

डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही खोल डाइव्हच्या जागांची नावं ऐकून तिथेच जायचं म्हणाल तर त्याला सर्टिफिकेट लागतं. त्यासाठीचा पहिला कोर्स म्हणजे ओपन वॉटर, तीनचार दिवसांचा, त्यात १८ मीटरपर्यंतची परवानगी मिळते, पण त्याला मात्र २०० मीटर पोहता आणि १० मिनिटं तरंगता यायला हवं, सो ती तयारी घरूनच करून जा.