थंडीतला समुद्र: अंदाजात नेमकं काय बघायचं?

डिसेंबर-जानेवारीत मालवणला बोटीने किंवा स्नॉर्केलिंगला जाणार असाल, तर फोनवरचं ‘निरभ्र आकाश’ बघून निघू नका. ऊन-पावसाचा अंदाज वेगळा, लाटांचा वेगळा. समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर लाटांची उंची, दिशा आणि दोन लाटांमधला वेळ मिळतो. तिथे 1.5 मीटर लिहिलं असेल तर ती सगळ्यांत मोठी लाट नव्हे. मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. एखादी लाट जवळपास दुप्पटही उसळते! हे बऱ्याच जणांना बोटीत बसल्यावरच कळतं.

दिशा वायव्येची दिसली तर जरा जास्त लक्ष द्या. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडे ‘शमाल’ वारा जोरात सुटला की त्याच्या लाटा काही दिवसांत कोकण किनाऱ्यापर्यंत येतात, इथे वारा पडलेला असला तरी.

आणि वेळ शक्यतो सकाळची घ्या. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून वाहतो, पाणी बऱ्यापैकी शांत असतं. दुपारी खारा वारा सुटला की परतीच्या बोटीत कपडे भिजलेच म्हणून समजा. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ‘आज नको’ म्हणाला, तर अ‍ॅप दाखवून त्याच्याशी हुज्जत घालू नका.