एखादी गोष्ट किती टिकेल हे कसं ओळखावं? आधी तिचं वय वाचा

टायर किती वर्षं चालतो, बैल किती वर्षं काम देतो, याची सरासरी कुणीही सांगेल. पण समोरचा टायर किंवा बैल आज किती वर्षांचा आहे हेच माहीत नसेल, तर त्या आकड्याचा उपयोग काय? म्हणून सुरुवात वयापासून करायची.

जनावर असेल तर दात बघा

खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड घ्यायला गेलात, तर रंग आणि चाल नंतर बघा. आधी तोंड धरून खालचा ओठ खाली ओढा. गाई-बैलांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण ८. वर नुसती हिरडी. सगळे दात दुधाचे, बारीक आणि पांढरे असतील तर तो आदत. मधले दोन पडून तिथे रुंद, जरा पिवळसर दात आले की दुसा, म्हणजे साधारण अडीच वर्षांचा. चार आले की चौसा, तिनाच्या पुढचा. आठही आले की ‘जुळला’ म्हणतात, तेव्हा वय साडेचार-पाचच्या घरात असतं. पुढे दात झिजून आखूड होतात, मधे फटी पडतात आणि मग अंदाजच बांधावा लागतो. शिंगांच्या वळ्या मोजूनही वय काढतात, पण बाजारात शिंगं तासून गुळगुळीत केलेली असतात, त्यामुळे माझा भरवसा दातांवरच.

नीट निगा राखली तर गाय-बैल २० वर्षांपर्यंत जगतात. औत ओढायचं बळ त्याच्या बरंच आधी सरतं. ती शेवटची बसून खायची वर्षंही हिशेबात धरा आणि मगच जनावर दावणीला आणा.

वस्तू असेल तर तिच्यावरचे आकडे शोधा

गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. त्यांच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले दिसतील. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ‘सी २७’ असेल, तर सप्टेंबर २०२७ पर्यंत त्या सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली असेल तर दारातच बदलून मागा. शेगडीच्या सुरक्षा नळीवरही तारीख छापलेली असते. ५ वर्षं झाली की नळी बदलायची, दिसायला कितीही चांगली असली तरी.

टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ५ वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि १० वर्षांनंतर ठेवूच नका. मी जुनी दुचाकी घेताना टायरची नक्षी बघून भुललो. तासगाव रस्त्यावर टायर फुटला तेव्हा मागे मुलगी बसली होती. वेग कमी होता म्हणून निभावलं. घरी येऊन आकडे वाचले, टायर ११ वर्षांचा होता. नक्षी शाबूत होती, पण रबराला बारीक चिरा गेल्या होत्या. गाडी फार न चालवता उभीच राहिली असणार.

ठेवण्याची जागा बघा

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल खड्ड्यात ठेवायचे. घरी पोत्यात ठेवलेल्या हळकुंडांना काही महिन्यांत कीड लागू शकते, पेवात तीच हळद वर्षानुवर्षं राहते. तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही आणि हवेशिवाय कीड जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरणं जिवावर बेततं. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली.

घरातही हेच लागू पडतं. इन्व्हर्टरची बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं चालते. तिचं डिस्टिल्ड पाणी वेळेवर भरलं आणि ती उन्हात ठेवली नाही, तर पाचाकडे जाते. पाणी आटू दिलं तर तीनही गाठत नाही.

वही घाला

एका पानावर चार रकाने आखा: वस्तू, बनल्याची तारीख, घेतल्याची तारीख, बदलायचं साल. बॅटरी आणि नळी यांच्यावरही मार्करने साल लिहा, कारण छापलेली अक्षरं स्वयंपाकघरातल्या तेलकटपणाने पुसट होतात. दिवाळीच्या साफसफाईला भांडी खाली काढाल, तेव्हा वहीही काढा आणि चौथा रकाना वाचा.