शेपटीचं सेन्सर अन् रात्रीचा मेसेज: माझा अनुभव

आमचा आखाडा, म्हणजे शेतातला गोठा, गावापासून लांब, आणि आमच्या लाल कंधारी गाया विणार त्या नेमक्या रात्री. म्हणून शेपटीला बांधायचं सेन्सर आणलं. कळा सुरू झाल्या की गाय शेपटी सारखी उचलते. ती हालचाल ओळखून यंत्र विण्याआधी साधारण तासभर मोबाइलवर मेसेज टाकतं. आमच्याकडं मात्र मेसेज यायचाच नाही, नाहीतर सकाळी एकदम ढिगानं.

बॅटरी ठीक होती. यंत्र अंगणात ठेवलं की मेसेज लगेच यायचा. म्हणजे घोळ गोठ्याच्या पत्र्याचा, आत यंत्रातल्या सिमला रेंजच नव्हती. आखाड्यावर ज्याची रेंज टिकते ते सिम टाकलं आणि गाभण गाईचा खुंटा उघड्या बाजूला, कडुलिंबाखाली हलवला. काम झालं.

दुसरा ताप माश्यांचा. दिवस कलला की गाय शेपटी झोडते आणि यंत्राला वाटतं कळा आल्या! लिंबाच्या पाल्याचा धूर केला, शेण वेळेवर उचललं. खोटे मेसेज बरेच कमी झाले, बंद नाही.

पट्टा आवळू नका, शेपटी सुजते. मधूनमधून काढून बघायचं. रेतनाची तारीख लिहिलेली हवीच: गाभणकाळ साधारण 280 ते 285 दिवस. कास भरली, शेपटीच्या मुळाशी खड्डे पडले की मगच मी सेन्सर बांधतो.

मेसेज आल्यावर उठून जावंच लागतं. पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) फुटून दीड-दोन तासांत वासराचे पाय दिसले नाहीत, तर ओढाताण न करता डॉक्टरला फोन. पहिलारू कालवड असेल तर मी तेवढंही थांबत नाही.