ऑफिसला जायचं की घरूनच काम करायचं, हे ठरवायच्या आधी काय काय बघायचं

फेब्रुवारी २०२२ चा दुसरा आठवडा चालू आहे आणि इंदूरमध्ये ज्याला विचारावं त्याच्याकडे तोच मेल आलाय, कोरोनामुळे बंद असलेलं ऑफिस सुरू झालंय, या. केंद्र सरकारनी ७ फेब्रुवारीपासून आपल्या कर्मचाऱ्यांची पूर्ण हजेरी सुरू केली, त्यामुळे प्रायवेटवाल्यांनाही जोर आलाय. आमच्या लोकमान्य नगरच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर चार दिवस दुसरा विषय नाहीये, कोणी म्हणतं घरी बसून बसून जीव विटला आता जाऊ द्या, कोणी म्हणतं घरात सासरे ७८ चे आहेत मी कशी जाऊ. प्रत्येकीला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

माझं सांगणं एवढंच आहे की हा प्रश्न स्वतःपुरता विचारू नका. तुम्ही ३५ चे, धडधाकट, कोरोना लशीचे दोन्ही डोस झालेले, तुम्हाला बहुतेक काही होणार नाही. पण घरातलं सगळ्यात नाजूक माणूस कोण आणि ऑफिसात तुम्ही ज्या खोलीत बसता तिथली हवा कशी आहे, या दोन गोष्टी आधी बघा. पेट्रोल, ट्रॅफिक, कंटाळा, अप्रेझल, सगळं त्याच्या नंतर.

हे मी जानेवारीत शिकले. क्लायंटचं काम म्हणून दोन दिवस ऑफिसला बोलावलं होतं. गेटवर कपाळाला ती गन लावून ताप मोजला, सॅनिटायझर दिलं, एक सोडून एक खुर्चीवर फुली मारलेली, मला वाटलं वा, काळजी घेतायत. मग आम्ही नऊजण कॉन्फरन्स रूममध्ये चार तास बसलो. काचेची बिल्डिंग, खिडकी उघडतच नाही, स्प्लिट एसी चालू, आणि बोलताना हळूहळू सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. तिसऱ्या दिवशी माझा घसा धरला आणि पाचव्या दिवशी आईंना, म्हणजे सासूबाईंना, ताप. त्यांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे. रात्री अडीचला ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावला तर ९३ टक्के. माझे हातपाय गार पडले, मग लक्षात आलं की त्यांचं बोट बर्फासारखं थंड आहे. हात चोळून गरम केला, पाच मिनिटं शांत बसवलं, परत लावलं, ९५ आणि मग ९६. सकाळपर्यंत मी दर अर्ध्या तासानी बघत बसले. त्यांचे दोन्ही डोस झालेले होते, आठवड्यात बऱ्या झाल्या. पण ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाहीये, आणि ती टाळता आली असती.

टाळता आली असती कारण आमचं सगळं लक्ष हात धुण्यावर आणि ताप मोजण्यावर होतं, हवेवर नव्हतं. लक्षणं यायच्या आधीच माणूस दुसऱ्याला कोरोना देऊ शकतो, त्यामुळे गेटवर ताप नाही याचा अर्थ फारसा काही निघत नाही. आणि बोलताना जे बारीक कण बाहेर पडतात ते धुरासारखे हवेत तरंगत राहतात. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसनी मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात पण बारीक कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे बंद खोलीत ती फुली मारलेली खुर्ची फार उपयोगाची नाही. स्प्लिट एसीबद्दल तर खूप जणांचा गैरसमज आहे, त्यांना वाटतं बाहेरच्या युनिटमधून ताजी हवा आत येते. नाही येत. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत खोलीतच सोडतो.

तर ऑफिसला जायचं ठरवायच्या आधी एकदा जाऊन आपली जागा बघून या. खिडकी उघडते का? उघडत असेल तर समोरच्या बाजूला दार किंवा दुसरी खिडकी आहे का, कारण एकाच बाजूनी हवा आली तर ती फिरत नाही. मी एक साधी गोष्ट करते, उदबत्ती लावून खिडकीजवळ आणि मग आपल्या टेबलाजवळ धरते (ऑफिसात आधी विचारून घ्या, नाहीतर फायर अलार्म वाजेल). धूर एका बाजूला सरकत बाहेर गेला तर बरं, तिथेच गोल गोल घुटमळत राहिला तर तुमच्या शेजारच्याचा श्वासही तिथेच घुटमळणार. ज्यांच्या ऑफिसात कार्बन डायऑक्साइड मोजायचं मीटर मिळू शकतं त्यांनी ते जरूर मागा. आपण श्वासातून तोच वायू सोडतो, म्हणून आकडा चढला की हवा कोंडलीये समजायचं. मोकळ्या हवेत आकडा ४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) थोडा वर असतो, खोलीत ८०० च्या आत राहिला तर हवा ठीक आहे समजायचं. माझ्या भावानी त्याच्या ऑफिसात लावून बघितलं, लहान मीटिंग रूम, सहा माणसं, दार बंद, पाऊण तासात आकडा १६०० च्या वर. दार उघडं ठेवून पॅन्ट्रीकडचा एग्झॉस्ट पंखा चालू केला आणि वीस मिनिटांत १००० च्या खाली आला. खर्च काही नाही, फक्त कोणीतरी उठून दार उघडायचं.

ज्या बिल्डिंगमध्ये सेंट्रल एसी आहे तिथे ॲडमिनवाल्याला सरळ विचारा की बाहेरची हवा आत घेता का, आणि किती. त्याला उत्तर माहीत असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर लेखी विचारा.

आता घरचं. एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं वय, आजार, डोस कधी झाले ते लिहा, खरंच लिहा, कारण मनातल्या मनात आपण "आई ठीक आहेत" असं म्हणून मोकळे होतो. ६० च्या वरच्या, आजार असलेल्या लोकांना १० जानेवारी २०२२ पासून तिसरा डोस मिळायला लागला, दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असतील तर. तो राहिला असेल तर ऑफिसची चर्चा नंतर, आधी त्यांना घेऊन केंद्रावर जा. १५ च्या वरच्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून लस सुरू झालीये पण त्याखालच्यांना या फेब्रुवारीत अजून नाही, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, म्हणजे त्याच्या बाबतीत आपणच काय ती भिंत. घरात कोणाचं केमो चालू असेल, किडनीचा पेशंट असेल, तर मी स्पष्ट सांगते, हवा बंद असलेल्या ऑफिसात जाऊ नका, त्यासाठी भांडायला लागलं तरी भांडा.

येण्याजाण्याचाही विचार करा. ज्यांच्याकडे टूव्हीलर आहे त्यांनी तीच काढा. आयबस, म्हणजे इंदूरची सिटी बस, एरवी मलाही आवडते, राजीव गांधी चौराह्यापासून निरंजनपूरपर्यंत सरळ नेते, पण ती एसीची, काचा बंद, आणि संध्याकाळी पलासियाला काय गर्दी होते ते सगळ्यांना माहीतच आहे. जायचंच असेल तर ऑफिसच्या वेळेत एक तास मागेपुढे करून घ्या आणि एन-९५ मास्क नाकावर दाबून बसवा. कापडी मास्क आता पुरेसा नाही, आणि नाकाखाली मास्क म्हणजे मास्क नाहीच.

ऑफिसात सगळ्यात धोक्याची वेळ कुठली विचाराल तर डबा खायची. आठ तास मास्क सांभाळणारी माणसं पॅन्ट्रीत पाऊण तास मास्क काढून, एकमेकांच्या डब्यात हात घालून, मोठमोठ्यानी गप्पा मारत बसतात. मला कळतं हो, दोन वर्षांनी भेटलोय, आणि भाजीची वाटी पुढे न करता जेवणं आपल्या रक्तातच नाही. पण डबा गच्चीवर न्या, नाहीतर खाली मोकळ्यावर. सकाळचे पोहे-जलेबी सुद्धा ऑफिसात मागवून बंद खोलीत खाण्यापेक्षा ठेल्यावर उभं राहून खाल्लेले केव्हाही बरे.

घरूनच काम करायचं ठरलं तर ते पण नीट करा, दोन वर्षं पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलेल्यांच्या कमरा बघते आहे मी. डायनिंग टेबल चालेल, पण स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत हवी, म्हणजे लॅपटॉप चारपाच जाड पुस्तकांवर ठेवा आणि कीबोर्ड-माऊस वेगळा घ्या, पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. लाइट गेली की राउटर बंद पडतो, त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा, बहुतेकांचा १२ असतो पण काहींचा ९ असतो आणि चुकीचा लावला तर राउटर जळू शकतो. मोबाईलचा हॉटस्पॉट बॅकअपला ठीक, पण तासभर व्हिडिओ कॉलला एक जीबीच्या आसपास डेटा जातो, दीड जीबी रोजचा पॅक असेल तर दुपारीच संपेल.

आणि घरातल्यांना सांगावं लागतं, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे आईंना वाटायचं मी घरी आहे म्हणजे मोकळी आहे, कॉल चालू असताना हाक यायची, "अगं, कुकरच्या शिट्ट्या मोज गं जरा." रागावून काही झालं नाही. शेवटी मी दाराला एक लाल रुमाल बांधायला लागले, रुमाल आहे म्हणजे कॉल चालू, नाही म्हणजे या खुशाल. आता आईच मुलाला आत येऊ देत नाहीत. बायकांना मात्र मी वेगळं सांगीन, घरून काम म्हणजे घरचं आणि ऑफिसचं दोन्ही काम तुमच्या एकटीच्या डोक्यावर पडत असेल तर आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला जाणं हे सुद्धा तब्येतीसाठीच आहे, त्याचा अपराध वाटून घेऊ नका, फक्त हवा बघून जा.

पैशाचं थोडक्यात. नोकरी करणाऱ्याला घरच्या टेबल-खुर्चीची वेगळी वजावट इन्कम टॅक्समध्ये मिळत नाही, त्यामुळे कंपनीकडूनच खुर्ची किंवा नेटचं बिल मागा. पुण्या-बेंगलोरहून इंदूरला घरी आलेल्या मुलामुलींनी लक्षात ठेवा, तिकडची खोली सोडली असेल आणि भाडं देत नसाल तर त्या महिन्यांची एचआरएची (घरभाडे भत्त्याची) टॅक्समधली सूट घेता येत नाही.

आता साहेबांशी बोलायचं कसं. प्रायवेट नोकरीत सगळ्यांना घरून काम मिळालंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करता येईल अशी सोय मॅटर्निटी कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनी आली, पण ती पण मालकाशी ठरवून. म्हणून हक्क म्हणून भांडायच्या आधी काम दाखवून मागा. फोनवर मागू नका, फोनवरचं कोणाला आठवत नाही. मेल इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा ठेवा: "घरात ७१ वर्षांच्या, डायबिटीस असलेल्या सासूबाई आणि लस न झालेला मुलगा आहे. ३१ मार्चपर्यंत मला आठवड्यातून तीन दिवस घरून काम करायची परवानगी हवी आहे. मंगळवारी आणि गुरुवारी मी ऑफिसला येईन. गेल्या तीन महिन्यांत माझं कुठलंही काम उशिरा गेलेलं नाही, यादी सोबत जोडली आहे. मोठ्या मीटिंग खिडकी असलेल्या हॉलमध्ये घ्याव्यात ही विनंती." तारीख टाकणं फार महत्त्वाचं, "परिस्थिती सुधरेपर्यंत" लिहिलंत की समोरच्याला वाटतं ही कधीच येणार नाही. आणि दिवस स्वतःच सुचवा, नाहीतर सोमवार पदरात पडतो, आणि सोमवारी हॉल भरलेला असतो. मी हाच मेल टाकला. दोन दिवस उत्तर नाही आलं, तिसऱ्या दिवशी हो आलं, आणि हॉलचं पण मान्य झालं.

घसा दुखला, अंग मोडून आलं, तर त्या दिवशी ऑफिसला जायचं नाही, "एलर्जी आहे" म्हणून तर अजिबात नाही. आमच्या त्या मीटिंगमध्ये पण एकजण हेच म्हणत होता. घरी कोरोनाची टेस्ट करायची किट मेडिकलवर मिळते, पॉझिटिव्ह आली तर पॉझिटिव्हच समजायचं, पण लक्षणं असून निगेटिव्ह आली तर निश्चिंत होऊ नका, लॅबमध्ये आरटीपीसीआर टेस्ट करा. जानेवारी २०२२ च्या सरकारी नियमाप्रमाणे घरी सौम्य आजार असेल तर किमान सात दिवस वेगळं राहायचं आणि त्यात शेवटचे तीन दिवस ताप नको. ऑक्सिमीटर बोट गरम करून, नेलपॉलिश काढून, बसून लावा, आणि एका तासात तीनदा ९३ किंवा त्याच्या खाली आलं तर वाट न बघता डॉक्टरकडे.

ऑफिसहून आलं की मी आधी अंघोळ करते, मग आईंच्या खोलीत. ऑफिसच्या दोन दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याशी बोलताना मास्क लावते, खिडकी उघडी ठेवते. पहिल्यांदा त्यांना वाईट वाटलं, म्हणाल्या घरच्या माणसापुढे काय तोंड झाकायचं. आता मंगळवारी मी यायच्या आधी त्या स्वतःच उठून खिडकी उघडून ठेवतात.