ज्वलनाचं समीकरण: ऑक्सिजनला हात शेवटी लावा

"आकडे टाकून बघत राहा, कधीतरी जुळतं." रासायनिक समीकरण संतुलित करताना, म्हणजे दोन्हीकडचे अणू सारखे करताना, दहावीच्या मुलांना दिला जाणारा हा सल्ला ऐकला की माझा जीव तुटतो. पेपरातला वेळ जातो तो जातोच, वर मुलाला वाटतं आपल्याला रसायनशास्त्रच जमत नाही. ज्वलनाला ठरलेला क्रम आहे: आधी कार्बन, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन.

कारण साधं आहे. पूर्ण ज्वलनात इंधनातला सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइडमध्ये जातो, सगळा हायड्रोजन पाण्यात. ऑक्सिजन मात्र दोन्हीकडे वाटला जातो. आणि डावीकडे हवेतला ऑक्सिजन एकटा उभा असतो, त्याचा सहगुणक (सूत्राआधीचा आकडा) बदलला तरी बाकी कशाला धक्का लागत नाही. म्हणून तो शेवटी.

सोपं आधी उरकू. कुडाळकडे गोठ्यामागच्या गोबरगॅसमध्ये जळतो तो मिथेन: कार्बन १, हायड्रोजन ४. म्हणजे १ कार्बन डायऑक्साइड, २ पाणी, आणि त्यासाठी २ ऑक्सिजन (प्रत्येकात २ अणू). झालं. (त्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडही असतो, पण तो जळत नाही. त्याला समीकरणाबाहेर ठेवा.)

आता गणपतीच्या आरतीतला कापूर घ्या. शिकताना मीही अशाच उदाहरणांवर अडायचो. कापराच्या रेणूत कार्बन १०, हायड्रोजन १६ आणि ऑक्सिजन १. तेव्हा उजवीकडे १० कार्बन डायऑक्साइड आणि ८ पाणी. तिथले ऑक्सिजनचे अणू मोजा: २० आणि ८, एकूण २८.

इथे थांबा. २८ चे निम्मे १४ लिहून मोकळं व्हायचं नाही. कापराने स्वतःचा एक ऑक्सिजन घरून आणलाय, तो आधी वजा करा. हवेतून लागतात २७ अणू. हवेतला ऑक्सिजन जोडीने येतो, म्हणून सहगुणक साडेतेरा.

साडेतेरा दिसले की मुलं खोडरबर शोधतात. खोडू नका, ते बरोबर आहेत. काही जण अपूर्णांक टाळायला पाण्याच्या सूत्रात आणखी एक ऑक्सिजन घुसवतात. तसं केलंत की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. सूत्राच्या आतला आकडा कधीही बदलायचा नाही, फक्त सूत्राआधीचा.

अपूर्णांक तसाच लिहा आणि मग अख्खं समीकरण दुप्पट करा. अख्खं म्हणजे कापराआधीचा न लिहिलेला १ सुद्धा. तो दिसत नाही म्हणून हमखास सुटतो. त्यासाठी माझा आग्रह असतो की कच्च्या कामात १ लिहायचाच.

२ कापूर + २७ ऑक्सिजन → २० कार्बन डायऑक्साइड + १६ पाणी

पडताळा: ऑक्सिजनचे अणू डावीकडे २ आणि ५४, उजवीकडे ४० आणि १६. दोन्हीकडे ५६.

प्रत्यक्षात कापराची ज्योत काळा धूर सोडते आणि आरतीचं भांडं काळवंडतं. ती काजळी म्हणजे पुरता न जळलेला कार्बन. वरचं समीकरण पूर्ण ज्वलनाचं आहे, काजळी त्यात शोधू नका.

सरावाला इथेनॉल घ्या: कार्बन २, हायड्रोजन ६, ऑक्सिजन १. सहगुणक क्रमाने १, ३, २, ३ यायला हवेत. ऑक्सिजनचे साडेतीन आले, तर इंधनातला ऑक्सिजन वजा करायचा राहिलाय.